न ठेवलेली मूठ

मोहाचा वास गोड असतो असं म्हणणाऱ्यांनी तो लांबूनच घेतलेला असतो. जवळ गेलं की तो गोड राहत नाही. आंबूस, कुबट, घशात उतरून बसणारा होतो. फाल्गुन संपत आला की आलापल्लीच्या पुढे एसटीच्या उघड्या खिडकीतून तो एकदम आत शिरतो. सागाची पानं गळून गेलेली असतात, पळस विझत आलेला असतो, जंगलात लांबवर नुसती राखाडी खोडं दिसतात. त्या उघड्याबोडक्यात हा वास. शेजारचा प्रवासी डोळे मिटून म्हणतो, "वा, मोह आला." मला राग येतो. दरवर्षी, त्याच वळणावर.

हा राग कोणावर आहे हे मला बरीच वर्षं नीट सांगता येत नव्हतं. आता येतं. देवावर आहे. आणि देवाच्या वतीने बोलणाऱ्यांवर त्याहून जास्त.

मी चंद्रपूरला एका शाळेत मराठी शिकवते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्यामुळे कृतज्ञता मला लहानपणापासून तोंडी परीक्षेला असल्यासारखी होती. वसतिगृहात जागा मिळाली, हात जोड. फी माफ झाली, आभार मान. मॅडमनी जुनी पुस्तकं दिली, पाया पड. मी जोडले, मानले, पडले, आणि मनापासून. त्या माणसांनी माझं भलंच केलं, आजही त्यांची आठवण आली की डोळे भरतात. पण ज्याला सारखं आभार मानायला उभं केलं जातं, त्याला एक दिवस कळतं की आपला रागावण्याचा हक्क केव्हाच काढून घेतला गेलाय. तो हक्क मला माझ्या मायने परत दिला. ती शाळेत गेलेली नाही. तिला एक डोळा आहे.

आमचं गाव एटापल्लीच्या रस्त्यावरून आत. घरची धानाची थोडी शेती, आणि नाल्यापलीकडे जंगलाच्या कडेला आमचं मोहाचं झाड. आमचं म्हणजे कागदावर नाही. पण कोणाचं झाड कोणतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. शेजारचं झाड जैतीबाईचं. जैतीबाई गोंड, मायच्याच वयाची, आणि मायची जन्मभराची भांडणाची जोडीदारीण. दोघी उजाडायच्या आधी टोपल्या घेऊन निघायच्या, कारण उजाडेपर्यंत गाईगुरं आणि हरणं येऊन फुलं खाऊन टाकतात. सुट्टीत मीही जायची, पेंगत, मायच्या पदराला धरून.

झाडाखाली पोचलं की आधी काही दिसायचं नाही. फक्त ऐकू यायचं. टप. मग थोड्या वेळाने टप. वारा नाही, कोणी फांदी हलवत नाही, आणि वरून एकेक फूल खाली येतंय. मग हळूहळू जमीन पांढुरकी व्हायची आणि कळायचं, आपण ज्याच्या काठावर उभे आहोत ते सगळं फूलच आहे. माय एकदा मला म्हणाली होती, "मले असं वाटते वने, का कोणी वाढून राह्यला. पंगतीत वाढतेत नाई का, तसं. आपून मागतलं नाई, काई नाई, अन् पानात येऊन पडून राह्यलं."

पंगतीत बसायला आम्हाला गावात फार बोलावणी नसायची. पण त्या झाडाखाली मला खरोखर वाटायचं की कोणीतरी आमचं नाव घेऊन बोलावलंय, पान मांडलंय आणि आता वाढतोय. देव चांगला आहे हे मला कोणी पटवून दिलं नाही. ते मी जिभेवर घेतलं होतं. ताजं मोहफूल दाताखाली फुटतं आणि तोंडभर रस होतो, तसं.

पण तोंडात टाकायच्या आधी एक गोष्ट असायची. रोजची पहिली मूठ देवाची. माय पळसाचं पान काढायची, झाडाच्या मुळाशी ठेवायची, त्यावर पहिली मूठ. "आधी त्याले, मंग आपल्याले." कोणत्या देवाला, हे तिने कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायची, "ज्यानं वाढलं त्याले. वाढणाऱ्याले बी भूक लागते." दुसऱ्या दिवशी पान रिकामं असायचं. मायचा चेहरा फुलायचा. "पाय, खाल्लं त्यानं."

मी पाचवी-सहावीत होते, विज्ञानाचं पुस्तक नवं होतं. म्हटलं, "माय, खार खात असन."

"असन," माय म्हणाली. "मंग खारीले कोण पाठवते?"

जैतीबाई तिच्या झाडाखालून ओरडली, "पोरीनं इचारलं तं धड सांग ना वो! खार खाते म्हणून सांग!"

"तुह्या पेनाले बी खारच खाऊन राह्यली," माय म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या. पेन म्हणजे जैतीबाईचा देव. अंधारात त्या दोन बायांचं हसणं आणि मध्येच एखादं टप. हे मी इतक्या खुलासेवार का लिहितेय? कारण हे होतं. हे खरं होतं. पुढे जे झालं त्याने हे खोटं ठरत नाही, आणि माझी सगळी पंचाईत तिथेच आहे. देव वाईटच असता तर मी त्याला केव्हाच विसरले असते.

माझी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू होती त्या मोसमात अस्वल आलं. अस्वलांनाही मोह आवडतो, माणसांहून जास्त. माय वाकून पहिली मूठ वेचत होती. पान मांडून झालं होतं. जैतीबाईने पत्र्याचा डबा बडवला, ओरडली, शेवटी टोपलीच फेकून मारली, तेव्हा ते गेलं. जाईपर्यंत मायच्या चेहऱ्याची डावी बाजू राहिली नव्हती. खाटेवर घालून माणसांनी तिला रस्त्यापर्यंत आणलं आणि तिथून चंद्रपूरच्या दवाखान्यात. मी तिथल्याच वसतिगृहातून धावत गेले तर पांढऱ्या पट्ट्यांच्या गुंडाळीत एक डोळा माझ्याकडे बघत होता. जबडा बांधलेला. बोलता येत नव्हतं.

आणि मग लोक आले.

मला अस्वलाचा राग आला नाही. ते भुकेलं होतं. मला राग आला तो खाटेभोवती उभ्या राहून हात जोडणाऱ्यांचा. "देवाची कृपा, जीव वाचला." एक नातेवाईक, "देवानं मोठ्या संकटातून काढलं." ओळखीच्या एक बाई माझ्या डोक्यावर हात ठेवून, "देव तुझ्या पाठीशी आहे बघ, तू परीक्षेला होतीस म्हणून, नाहीतर तूही तिथेच असतीस." म्हणजे देव माझ्या पाठीशी होता. मग मायच्या पाठीशी कोण होतं? इतकी वर्षं रोज पान कोणी मांडलं, मी की तिने? त्या बाईंपुढे मी मान हलवली. आभारही मानले बहुतेक. सवय.

विचारपूस करायला एक वनरक्षकही आला. तरुण होता, मनाने वाईट नसावा. पण म्हणाला, "अंधारात कशाला जाता तुम्ही लोक? फुलं काय पळून जातात का?"

जैतीबाई मायच्या पायाशी बसली होती. "हो ना साहेब," ती म्हणाली, "पळूनच जातेत. ढोराच्या पोटात. तुमी या एक दिवस, पकडून ठेवा."

तो वरमला. पण जाताना बोललाच, "आणि ते पानावर काढून ठेवता म्हणे रोज. बाई, तुम्हीच सवय लावली त्याला."

अख्खं जंगल फुलांनी भरलेलं, आणि त्यातल्या एका मुठीने अस्वलाला सवय लावली! हे त्याला ओरडून सांगायला मी मागोमाग व्हरांड्यात गेले. तो निघून गेला होता. मी भिंतीला सांगितलं. परत आले तर मायचा डोळा उघडा होता आणि तिने ऐकलं होतं.

त्या वॉर्डातलं एकच चांगलं सांगते, कारण नाही सांगितलं तर मी त्या नातेवाइकांसारखीच अर्धवट साक्ष देणारी ठरेन. शेजारच्या खाटेवर सिरोंच्याकडची एक सून होती, तिच्याजवळ तिची सासू. फक्त तेलुगू बोलणारी. मी पेपरला गेले की ती म्हातारी मायच्या ओठांच्या फटीतून चमच्याने पेज घालायची. थेंब थेंब. बाहेर आलेली पदराने पुसायची, पुन्हा घालायची. मायला तिचं एक अक्षर कळत नव्हतं आणि मायला तर बोलताच येत नव्हतं. मी परीक्षेहून आले की म्हातारी रिकामी वाटी उलटी करून दाखवायची आणि दात नसलेलं हसायची. त्या वॉर्डात कृपा हा शब्द न उच्चारणारी ती एकटीच.

जबडा सुटल्यावर माय बोलेल म्हणून मी वाट पाहत होते. पाणी मागेल, बाबांचं विचारेल. तिने जीभ फिरवून पाहिली, आणि तुटक्या, ओल्या आवाजात पहिलं वाक्य बोलली ते हे:

"वने, खारीले तो पाठवते. मंग अस्वलाले कोणं पाठवलं?"

मी मराठीची विद्यार्थिनी. देवावरचे निबंध लिहून मला मार्क मिळालेले. मला एक शब्द सुचला नाही. आजही सुचत नाही, आणि ज्यांना चटकन सुचतो त्यांच्याशी माझं पटत नाही.

गावात संध्याकाळी समाजमंदिरात सामुदायिक प्रार्थना होते. खंजिरी वाजते, बाया एका बाजूला, माणसं एका बाजूला. माय घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात प्रार्थना चालवणारे शामरावभाऊ माइकवर म्हणाले, "देवाच्या कृपेने आपल्या यमुनाबाई सुखरूप परत आल्या."

माय उठून उभी राहिली. पदर नेहमी ती डाव्या गालावर ओढून बसायची. तो तिने काढला.

"भाऊ," ती म्हणाली, "ह्याले सुखरूप म्हणतेत का?"

खंजिरी थांबली.

"तसं नाई बाई, जीव वाचला म्हणून म्हणलं."

"जीव जैतीनं वाचवला. तिची टोपली फुटली, तिले एक टोपली द्या. कृपा मले मालूम हाय भाऊ. मी जलमभर खाल्ली हाय ते. तिची चव मले सांगू नका. हे ते नाई."

आणि ती घरी निघाली. बाबा तिच्या मागे कंदील घेऊन. मी समाजमंदिराच्या दारात उभी होते, आणि माझ्या आत कुठेतरी इतक्या वर्षांचे जोडलेले हात सुटल्यासारखं झालं.

पुढच्या मोसमात ती झाडाखाली जाणार नाही असं मी धरून चालले होते. मी भांडले, रडले. "अजून काय द्यायचं राहिलंय त्याला?" माय टोपली घेऊन निघाली. आता बाया घोळक्याने जात होत्या, डबे वाजवत, थोडं फटफटल्यावर. मीही गेले. झाडाखाली सगळं तसंच होतं. मला त्याचाच संताप आला. तोच वास, तीच पांढुरकी जमीन, तसाच तो वरून वाढत होता, जणू काही झालंच नाही. टप. टप.

मायने पहिली मूठ वेचली. पळसाचं पान मांडलं नाही. मूठ पदराच्या टोकाला बांधली, गाठ मारली.

जैतीबाई बघत होती. "ठेवत नाई का?"

"नाई."

"देवासंगं असं करतेत का वो?"

"पायजे तं येऊन घेऊन जाऊ दे," माय म्हणाली. "इतके दिवस त्यानं न मांगता ठेवलं. आता त्याले येऊ दे. तोंड दाखवू दे. मी बी माहं तोंड दाखवतो त्याले."

ती मूठ तिने अंगणात वेगळी वाळवली आणि चुलीवरच्या शिंक्यात एका लहान टोपलीत ठेवली. दुसऱ्या दिवशीचीही. तिसऱ्या दिवशीचीही. गावात बोभाटा झाला. त्या वर्षी अवकाळी गारा पडल्या, मोह कमी आला, आणि लोक घरी येऊ लागले. "यमुनाबाई, झाड रुसलं. ठेवून टाका मूठ." शामरावभाऊ स्वतः आले, समजुतीने बोलले. त्यांच्या घरीही मोह वेचूनच हातात पैसा येतो, त्यांची भीती खोटी नव्हती. मायने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "भाऊ, माहं अन् त्याचं हाय हे. तुमी मधात नका येऊ. तुमची मूठ तुमी ठेवा ना."

ते गेल्यावर जैतीबाई म्हणाली, "गारा काय आपल्याच गावात पडल्या का? सिरोंच्यालेबी पडल्या. तिथं बी यमुनाच गेली होती का?"

मला वाटलं, माय देवापासून सुटली. मला बरं वाटलं. मीही सुटले, असं मी ठरवलं. चंद्रपूरला नोकरी लागली, खोली घेतली, भिंतीवर कसलीच तसबीर लावली नाही. घरमालकीणबाई म्हणाल्या, "देवानं एवढं चांगलं केलं तुझं, दिवा तरी लावत जा." मी म्हटलं, दिवा लावते, लाईट गेली की.

पण सुट्टीत घरी गेले की मला एक गोष्ट खुपू लागली. पूर्वी माय देवाशी सकाळी बोलायची, झाडाखाली, दोन शब्द. आता ती दिवसभर बोलत होती. तांदूळ निवडताना, "पायलं का, खडा. हे बी तूच घातलं असन." ऊन वाढलं की, "हो, ताप, ताप अजून." एखादी गार झुळूक आली की पदर सैल करायची, आणि मग रागाने, "आता काऊन लाड करून राह्यला?" चुलीपाशी वर शिंक्याकडे बघून, "हाय अजून. खराब नाई झाली. ये." तिच्या बोलण्यात विनवणी कुठेच नव्हती. जिचा नवरा परगावी जाऊन बसलाय ती बाई जशी घरात एकटीच त्याच्याशी भांडते, तसं होतं ते. आणि तशी बाई ज्याच्याशी भांडते, त्याचं ताट मात्र रोज घासून पालथं घालते.

मी एकदा विचारलं, "माय, तू अजून मानतेस त्याला?"

"मानतो का म्हणजे?" ती चिडली. "नसता तं एवढा राग कोणाले आला असता?"

यंदा मी मोसमात रजा काढून गेले, कारण तिच्या राहिलेल्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. ऑपरेशनची तारीख घ्यायची होती. पण सकाळी ती म्हणाली, आधी झाडाखाली ने. तिला फुलं दिसत नाहीत आता, पांढरट जमीन पांढरट डोळ्यात मिसळून जाते. मी तिचा हात धरून नेलं. लहानपणी तिच्या पदराला धरून जात होते त्याच वाटेने, नाला ओलांडून. जैतीबाई पुढे डबा बडवत होती आणि ओरडत होती, "या वो या, आंधळी अन् मास्तरीण आल्या, जंगल सोडा सगळे!"

माय मुळाशी बसली. चेहरा वर केला, ती डावी बाजूही. तोंडाजवळून एक फूल पडलं. ती हसली आणि लगेच कपाळाला आठी घातली, हसू आल्याचाच राग आल्यासारखी.

"माह्यानं वेचणं होत नाई," ती म्हणाली. "पहिली मूठ तू वेच. ठेव नाई तं नको ठेवू. तुह्या हातात हाय. तुहं अन् त्याचं काय हाय ते तुले मालूम."

माझं आणि त्याचं काही नाही, हे म्हणायला मी तोंड उघडलं. पण हात वेचत होता. मूठ भरली. ओली, चिकट, थंड फुलं, बोटांच्या फटीतून रस उतरत होता. समोर पळसाचं झुडूप, पान तोडलं की झालं. ठेवावं, म्हणजे मायचं म्हातारपण सुखाचं जाईल, गाव गप्प होईल. की फेकून द्यावी, म्हणजे एकदाचं संपेल? मी फेकायला हात उचलला आणि मूठ उघडेना. जो नाही त्याच्यापासून काय राखून ठेवायचं? जो नाही त्याच्या तोंडावर काय फेकायचं? इतकी वर्षं मी भिंतीवर तसबीर लावली नाही, ते कोणाला दिसावं म्हणून? त्या वळणावर दरवर्षी मला राग येतो, तो वासाचा नाही. तो वाढणारा वाढत राहतो आणि दिसत नाही, याचा आहे. मला तो हवा आहे. मला तो जाब विचारायला हवा आहे, आणि जाब विचारून झाल्यावरही तो जाऊ नये असं वाटतं.

तोंडून काहीतरी निघालं. शाळेत मी शिकवते त्या मराठीतलं ते नव्हतं. प्रार्थनेच्या चालीतलंही नव्हतं. मूठ तशीच आवळून मी पुटपुटले, "कुठी हायस रे तू?"

मायने मान वळवली. "काय म्हणलं?"

"काई नाई."

"मले नाई, त्याले म्हणलं ना?" ती म्हणाली. "मंग मोठ्यानं म्हण. मी एवढ्या वर्साची मोठ्यानंच म्हणून राह्यलो."

जैतीबाईने डबा वाजवायचा थांबवला. वरून एक फूल पडलं. मी मूठ न उघडता उभी राहिले आणि तेच मोठ्याने ओरडले.